पुण्याचा उन्हाळा: दोष सिमेंटचा की हवामानबदलाचा, आणि सोसायटीने करावे काय?

कोथरूडकर:
आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवर सौरपॅनेल बसवण्याचा ठराव आला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, पुणे तापले ते टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत इमारती चढल्यामुळे आणि रस्तारुंदीत जुनी झाडे गेल्यामुळे. त्याचा संबंध कार्बन डायऑक्साइडशी जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या उधारीपोटी आपला खिसा रिकामा करणे होय. ते लहान असताना एप्रिलमध्येही गच्चीवर पहाटे पांघरूण लागत असे, ही त्यांची आठवण खोटी म्हणता येत नाही. यात तथ्य किती, आणि आमच्यासारख्या चाळीस सदनिकांच्या इमारतीने काही केल्याने खरोखर फरक पडतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाषाणवासी:
ज्येष्ठांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे, म्हणूनच ते खोडणे अवघड जाते. सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन शोषतात आणि सूर्यास्तानंतर ती उष्णता सावकाश सोडतात, त्यामुळे शहर तापल्याची खूण दुपारपेक्षा रात्रीच्या किमान तापमानात अधिक ठळक दिसते. पहाटेचे पांघरूण गेले, त्यात सिमेंटचा वाटा आहेच.

मात्र समुद्रावर कोणी सिमेंट ओतलेले नाही. आपल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा जो अहवाल २०२० मध्ये निघाला, त्यानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, तर उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने वाढले. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२०च्या वर आहेत.

पुणेकरांना उन्हापेक्षा पावसातील बदल अधिक महागात पडेल, असे मला वाटते. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्याच अहवालाप्रमाणे मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, आणि देशातील मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र जवळपास त्याच काळात सुमारे ६ टक्क्यांनी घटली. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना अशा पावसाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अर्थात एका पुरावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, आणि ओढ्याचे पात्र आवळण्याचे काम तर आपण माणसांनीच केले होते.

हिशोबी_सभासद:
फरक किती पडतो, ते आकड्यांतच पाहावे. पुण्याच्या उन्हात १ किलोवॉटचा सौरसंच वर्षाला ढोबळमानाने १४०० युनिट वीज देतो. आपली बरीचशी वीज अजून कोळशावरची असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी १० किलोवॉटचा संच बसवल्यास वर्षाला जवळजवळ १० टन वायू टळतो. त्यास साधारण हजार चौरस फूट मोकळी जागा लागते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान ठेवले आहे.

झाडे लावून हिशोब मिटवू, असे सभेत कोणीतरी म्हणेलच. एक लिटर पेट्रोल जाळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, त्यामुळे रोज वीस किलोमीटर धावणारी एक स्कूटर वर्षाला सुमारे ३०० किलो सोडते. मोठे झाडही वर्षाकाठी वीस-पंचवीस किलोच शोषते. झाड लावावे ते सावलीसाठी आणि गारव्यासाठी.

सदाशिवपेठी:
एक शंका नोंदवतो. भारतीय माणसाचे सरासरी उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असताना आपणच का काटकसर करायची?

पाषाणवासी:
शंका रास्त आहे, आणि ऐतिहासिक जबाबदारी श्रीमंत देशांचीच अधिक आहे. परंतु देशाची सरासरी आणि दोन मोटारी व चार एसी असलेल्या घराची आकडेवारी एक नसते. आपल्या पेठांतील जुन्या वाड्यात राहणारे बिऱ्हाड आणि बाणेरमधील बंगला यांना एकाच सरासरीत बसवणे मला पटत नाही. शिवाय सौरसंच ही काटकसर नव्हेच, वीजबिलातील बचत आहे. ओला कचरा आवारातच जिरवला, तर कचरा डेपोत तो कुजून होणारा मिथेनही टळतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. पांघरुणाविषयीचे त्यांचे म्हणणे मान्य असल्याचे ज्येष्ठांना आधी सांगितले आणि मगच समुद्राचा विषय काढला, त्यामुळे चर्चा भांडणापर्यंत गेली नाही. १० किलोवॉटसाठी दोन ठेकेदारांकडून दरपत्रके मागवण्याचे ठरले आहे. आता अडचण एवढीच की, गच्चीच्या दक्षिण बाजूस पाण्याची टाकी असून तिची सावली दुपारपर्यंत पडते. पॅनेल उंच सांगाड्यावर घेतल्यास वाऱ्याचा जोर इमारतीस झेपेल का, यासाठी संरचना अभियंत्याचा दाखला घेणे कोणी केले असल्यास तो अनुभव येथे लिहावा.