छोट्या विकीवर 'आधी विचारा, मग बदला' असा नियम लावावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मोजकेच लोक एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या मदतपानांचा विकी चालवतो, मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो तेच सॉफ्टवेअर). आमच्यातले एक जण खूप काम करतात, खरंच करतात, ते नसते तर निम्मी पानं अजून अर्धवट पडली असती. पण प्रॉब्लेम असा की पान हातात घेतलं की वरपासून खालपर्यंत सगळं हलवतात, परिच्छेद इकडचा तिकडे, मथळे नवीन, जाता जाता दोन कमांडही बदलल्या, आणि हे सगळं एकाच सेव्हमध्ये, काय बदललं ते लिहायचा सारांश रिकामा आणि वर 'छोटा बदल'वर टिक! फरक (जुनी-नवी आवृत्ती शेजारी शेजारी) बघायला जावं तर अख्खं पान पिवळं-निळं, त्यात कमांड बदललीये हे दिसणार कुणाला? मग कुणीतरी वाचक येऊन सांगतो की हे चालत नाहीये.

उलटवायला, म्हणजे जुनी आवृत्ती परत आणायला जावं तर मध्ये दुसऱ्याची दुरुस्ती झालेली असते, अनडू होतच नाही, आणि झालंच तर त्यांचं चांगलं कामही जातं. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही असा नियम आहे, पण तिथे वाद मिटवायला तिसरा माणूस मिळतो हो. आमच्याकडे तिसरा मीच आणि प्रचालकही (अ‍ॅडमिन) मीच, त्यामुळे तोंड उघडलं की अधिकार गाजवल्यासारखं वाटतं.

तर चर्चापानावर (प्रत्येक पानाला जोडलेलं बोलायचं पान) विचारल्याशिवाय बदलू नका असं सांगणं जास्त होईल का? माणूस दुखावून जायला नकोय.

प्रतिसाद १ :
तो नियम नकोच. छोट्या विकीवर चर्चापानावर विचारलं तर आठवडे उत्तर येत नाही, मग माणूस कंटाळून लिहिणंच सोडतो. त्यापेक्षा एवढंच मागा की हलवाहलव एका सेव्हमध्ये आणि मजकुरातला बदल दुसऱ्या. पहिल्याच्या सारांशात 'फक्त क्रम बदलला' एवढं लिहिलं तरी पुरे, मग दुसऱ्याचा फरक दोन ओळींचा दिसतो आणि नेमका तेवढाच उलटवताही येतो. सारांश रिकामा राहिला तर सेव्ह करताना आठवण करणारं सेटिंग पसंतींमध्ये असतं, ते सर्व्हरवरून सगळ्यांसाठी चालू ठेवता येतं. पुन्हा सेव्ह दाबलं की जातंच पुढे, त्यामुळे कुणाचं अडत नाही.

प्रतिसाद २ :
वरच्याशी सहमत, पण कमांडच्या बाबतीत मी एवढा उदार नाही. कुठल्या व्हर्जनवर चालवून बघितली ते सारांशात नसेल तर मी सरळ उलटवतो, आणि का उलटवलं ते लगेच चर्चापानावर लिहितो. न सांगता उलटवलेलंच जास्त झोंबतं.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार, हे पटतंय. सेटिंग आजच लावतो. ती 'छोटा बदल'वाली टिक काढून टाकता येते का?

प्रतिसाद १ :
येते, सदस्य गटाचा तो हक्क काढून घेतला की टिकच दिसत नाही. पण सेटिंगची घाई नको, आधी त्यांच्या चर्चापानावर जाऊन बोला. तयार इशाऱ्याचा साचा चिकटवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा, एकाच फरकाची लिंक द्या, 'तुम्ही नेहमी असं करता' वगैरे नको. न बोलता सेटिंग बदललंत तर ते आपल्यासाठीच केलंय हे त्यांना कळणारच.