मोंटानात कुत्र्याला घेऊन हायकिंग, पण सापळ्यांचं काय?

प्रश्न: बोझमनला नवीन आलोय, हिवाळ्यात माझ्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला घेऊन नॅशनल फॉरेस्टमध्ये जातो, तर ऑफिसातला एकजण म्हणाला जपून, तिथे लोक जंगली प्राणी पकडायला सापळे लावतात आणि ते कायदेशीर आहे!! पब्लिक लँड सगळ्यांचीच ना?

भटक्या: सगळ्यांचीच, म्हणून सापळेवाल्यांचीही. २०१६ मध्ये पब्लिक लँडवर सापळेबंदीसाठी आय-१७७ हा प्रस्ताव राज्यात मतदानाला आला होता, सपशेल आपटला. ट्रेलपासून अंतर ठेवायचा नियम आहे, पण मोकळा कुत्रा आमिषाच्या वासाने जातोच. पट्टा लाव.

सांताफेकर: आमच्या न्यू मेक्सिकोत रॉक्सी नावाची कुत्री तारेच्या फासात मेली, त्यावरून कायदा झाला, एप्रिल २०२२ पासून पब्लिक लँडवर सापळे जवळपास बंदच. मोंटानात होईल असं वाटत नाही बुवा.

हिमवेडी: बॅगेत केबल कटर ठेव, फासाच्या तारेला साधी पक्कड पुरत नाही. कुत्र्याचा पाय जबड्याच्या सापळ्यात अडकला तर आधी त्याच्या तोंडावर जॅकेट टाक, घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो, मग सापळा जमिनीवर सपाट धरून दोन्ही बाजूच्या लिव्हरवर पाय देऊन दाब, जबडा सुटतो. आणि रागाने दुसऱ्याचा रिकामा सापळा मोडू नकोस, गुन्हा तुझ्यावरच लागेल.