कोथरूड ते चाकण रोज, वर्षातून दोनदा ट्रॅक : साडेतीन लाखांत जुनी गाडी कोणती घ्यावी?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार. मी चाकण एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. कोथरूडहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत एका बाजूने साधारण ३५ किलोमीटर पडतात. आत्तापर्यंत कंपनीच्या बसने जात होते. आता शिफ्ट बदलतेय, रात्री साडेअकराला सुटणार आणि त्या वेळेला आमच्या बाजूची बस नाही. म्हणजे गाडी लागणारच.

दुसरं कारण मनातलं. गेल्या जानेवारीत चुलतभावाबरोबर कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर गेले होते. २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक आहे. त्याने मला शेजारी बसवून चार लॅप मारले आणि मग दोन लॅप मला चालवू दिले. त्या दोन लॅपमध्ये मी ब्रेक कुठे दाबला, कुठे उशीर केला, सगळं अजून पाठ आहे. मला हे शिकायचंय. शर्यत लावायची नाही, पण वर्षातून दोन ट्रॅक डे (फी भरून शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायचे दिवस) तरी करायचेत आणि तेही स्वतःच्या गाडीने.

बजेट साडेतीन लाख, सगळं धरून. घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे गाडीसाठी कर्ज काढायचं नाही हे नक्की. बाबा म्हणतात, त्यात थोडे घाल आणि नवी छोटी गाडी घे, वॉरंटी तरी मिळेल. त्यांचंही खरं आहे, पण मला ते थोडेसुद्धा घालायचे नाहीत.

कॉलेजात बाहाच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरवायची स्पर्धा) टीममध्ये सस्पेन्शनचं काम केलंय, त्यामुळे गाडीखाली शिरायची भीती नाही. पण तिथे आम्ही कोरे पाइप कापून गाडी बांधली. दहा वर्षं दुसऱ्याने वापरलेली गाडी कशी पारखायची, ते येत नाही. डोक्यात तीन आहेत : २०१३-१४ ची पेट्रोल स्विफ्ट, २०१०-११ ची होंडा सिटी आणि पोलो जीटी टीएसआय. अनुभवी लोकांनी सांगावं.

भोसरीचा_निखिल

पोलो. बाकी दोन्ही एकदा चालवा आणि मग ही चालवा. १०५ पीएस आणि १७५ एनएम टॉर्क, दीड हजार आरपीएमपासून ओढते. ताशी १०० च्या वर रस्त्याला जी चिकटते ना, तसा विश्वास या किमतीत दुसरी कुठली गाडी देत नाही. चार लाखांच्या आसपास मिळेल, थोडी घासाघीस करा.

पंचगंगाकाठ

ताई, कोल्हापुरात आमचं गॅरेज आहे, वडिलांनी काढलेलं. ट्रॅकवर २०१३ पासून जातोय, बहुतेक वेळा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला. चांदणी चौकातून जाणारा ४८ नंबरचा हायवे आहे ना, तोच कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूरु, वेल्लोर करत त्या ट्रॅकपाशी पोचतो. पुण्याहून हजाराच्या वर किलोमीटर. रविवारी संध्याकाळी शेवटचं सेशन संपतं आणि मंगळवारी तुमची शिफ्ट असते. मी गाडी बघतो ती या परतीच्या हजार किलोमीटरच्या हिशेबाने. दिवसभर पिळून काढल्यावर जी काही न कुरकुरता घरी आणते आणि बुधवारी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर रांगते, ती तुमची गाडी.

त्या हिशेबाने स्विफ्ट घ्या. २०११ ते २०१७ मधली, पेट्रोल, मॅन्युअल, आणि शक्यतो झेडएक्सआय, म्हणजे वरचं मॉडेल, कारण तिच्यात एबीएस आणि एअरबॅग आहेत. इंजिन १.२ लिटरचं के-सिरीज, त्याला टायमिंग चेन आहे, पट्टा बदलायची कटकट नाही. वजन हजार किलोच्या आत. ताकद ८५ पीएसच्या आसपास, म्हणजे सरळ रस्त्यावर सगळे तुम्हाला मागे टाकतील. टाकू द्या. शिकणाऱ्याला कमी ताकदीची हलकी गाडी जेवढं शिकवते तेवढं दुसरं कोणी शिकवत नाही. वळणात वेग घालवलात तर तो परत मिळवायला अर्धा ट्रॅक जातो, त्यामुळे चूक लगेच अंगाला लागते. आणि दावणगेऱ्याला रविवारी दुपारी काही तुटलं तरी हिचा पार्ट मिळतो.

निखिलभाऊंचं पोलोबद्दलचं म्हणणं खोटं नाही, चालवायला सुरेख गाडी आहे. पण जीटी टीएसआयला सात गिअरचा ड्राय क्लच ऑटोमॅटिक बॉक्स आहे. क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे तापले की निवायला वेळ लागतो. भोसरीत इंच-इंच सरकणं आणि ट्रॅकवर २० मिनिटं रगडणं, दोन्ही त्याला नको असतं. त्या बॉक्सचं मोठं काम निघालं तर तुमच्या बजेटचा मोठा लचका जाईल. त्यात चार लाखांची गाडी म्हणजे सुरुवातच बजेटच्या बाहेर. सिटीचं १.५ चं इंजिन मला स्वतःला फार आवडतं, ११८ पीएस, वरपर्यंत गोड फिरतं. पण ती वजनाला जास्त, पुढचं नाक जमिनीजवळ, आणि २०१०-११ ची म्हणजे १५ वर्षांच्या पासिंगला टेकलेली. माझ्या लेखी दुसरा नंबर.

आता खरं महत्त्वाचं. साडेतीनची गाडी घेऊ नका. पावणेतीनची घ्या आणि ७५ हजार बाजूला ठेवा. चार टायर वीस-बावीस हजार, पुढचे डिस्क पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल, शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश, सगळे फिल्टर, कूलंट. त्यात ट्रॅकची फी आणि पेट्रोल.

ब्रेक ऑइलवर थांबतो, कारण माझी अद्दल तिथेच घडली. २०१६ साली तिसऱ्या सेशनला लांब सरळपट्टीच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल फळीला टेकलं. गाडी वाळूत गेली, माणूस वाचला. ऑइल चार वर्षांचं होतं आणि ते माझंच काम होतं, दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नव्हती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी प्यायलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल पोकळ लागतं. आमच्याकडचा पावसाळा बघता दर वर्षी बदला, ट्रॅकला जायच्या आठवड्यात तर बदलाच. डॉट ५.१ चाललं तर उत्तम, ते २६० ला टिकतं. डॉट ५ नाव असलेलं सिलिकॉनचं ऑइल मात्र घालू नका, ते वेगळं प्रकरण आहे.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या रात्रीच सांगा की सुरू करू नका. बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय. थंड इंजिनचा पहिला आवाज आणि पहिला धूर खरं बोलतो. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. तेलाचं झाकण उघडून आत साईसारखं पांढरं दिसलं तर तिथूनच नमस्कार करून निघा. बोनेटच्या आणि पुढच्या फेंडरच्या बोल्टवर पान्ह्याचे ओरखडे असतील तर कधीतरी ते खोललेत. का खोलले ते विचारा आणि उत्तर देताना चेहरा बघा.

आणि पाण्यात गेलेली गाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे पंचगंगा आली तेव्हा शिरोळ, सांगली, कोल्हापूर या भागातल्या किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२१ च्या जुलैत चिपळूण, महाडला तेच. त्यातल्या बऱ्याच धुऊन, वाळवून, पॉलिश मारून लांबच्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. एमएच ०८, ०९ किंवा १० पाहून घाबरू नका, आमच्याकडे गाड्या जपणारे लोक खूप आहेत. पण एमएच १२ पाहून निर्धास्तही होऊ नका. प्रत्येक सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. डिकीचं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. सीटच्या रुळांवर, डॅशबोर्डखालच्या उघड्या स्क्रूवर गंज बघा. एसी लावून काचा बंद करून पाच मिनिटं बसा. नदीचा वास लपत नाही.

रंगवलेली, मोठा सायलेन्सर लावलेली, स्प्रिंग कापलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. सीएनजी किट काढून टाकलेलीही नको. एखाद्या शिक्षकाची किंवा बँकेतल्या माणसाची पहिल्या मालकाची गाडी शोधा, सगळी सर्व्हिस बिलं फाइलला लावलेली. ५५-६० हजार रनिंग चालेल. अगदीच कमी रनिंग दिसलं तर क्लच आणि ब्रेकचं पेडल बघा, रबर झिजलेलं असेल तर मीटर खोटं बोलतोय.

ठाण्याची_रेवती

वरच्या प्रतिसादात सगळं आलंय, दोन कागदाच्या गोष्टी घालते. पैसे देण्याआधी एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा चढलेला आहे का आणि ई-चलन किती थकलेत ते बघा. कर्ज फिटलं असेल तरी आरसीवरून बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं, ते विक्रेत्याकडून आधीच करून घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीचं विचारा. नंबरप्लेट हाय सिक्युरिटीची बसवली आहे का तेही. नोंदणीला १५ वर्षं होत आली असतील तर तपासणी होऊन पुढे पाच पाच वर्षांचं नूतनीकरण असतं, त्याचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.

आणि मृण्मयी, विमा. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली तर तो खर्च आपलाच समजायचा. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय : जी गाडी उद्या भंगारात गेली तरी माझी नोकरी आणि घर चालेल, तीच ट्रॅकवर न्यायची. तुझी गाडी रोजच्या नोकरीची आहे, म्हणून पहिलं वर्ष तरी आठ दशांश वेगाने चालव.

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. रेवतीताई, विम्याचं मला अजिबात माहीत नव्हतं. हे वाचल्यावर बाबांशी बसून बोलले. महिन्याला थोडे पैसे वेगळे ठेवायचे, गाडी बंद पडली तर दोन महिने कॅबने जाता यावं इतके, असं ठरलंय.

तीन शनिवारांत पाच गाड्या पाहिल्या. वाकडला एक २०१४ ची झेडएक्सआय होती, आरशासारखी चकचकीत, किंमतही गोड. मागचा डावा सीट बेल्ट ओढला. अर्ध्याच्या पुढे पट्टा कडक लागायला लागला आणि शेवटी खाकी रेघ. विकणारा म्हणाला, मुलांनी चॉकलेट सांडलं असेल. काही न बोलता पट्टा सोडला आणि आले. रिक्षात बसेपर्यंत हात थरथरत होते, कारण आदल्या रात्री मी तीच घ्यायची असं मनाशी ठरवलं होतं.

घेतली ती निगडीची. २०१३ ची झेडएक्सआय, ६१ हजार रनिंग, निवृत्त प्राध्यापकांची, पहिला मालक. उजव्या दाराला पोचा आहे आणि तो त्यांनी फोनवर आधीच सांगितला होता. बिलांची फाइल तारखेप्रमाणे लावलेली. २ लाख ७० हजारांना ठरली. टायरवर १८१७ छापलंय, म्हणजे २०१७ च्या अठराव्या आठवड्यातले, त्यामुळे ते आधी बदलणार. नाव बदलायचे कागद दिलेत.

पंचगंगाकाठ दादा, एक विचारते. करीला डिसेंबरात जायचा विचार आहे. रोजच्या वापरातल्या गाडीत आदल्या दिवशी काय काढायचं, काय लावायचं?

पंचगंगाकाठ

निगडीची चांगली मिळाली ताई, अभिनंदन. दाराचा पोचा तसाच राहू द्या.

डिकीतली स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालचे मॅट, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात ती जागा) उतरवून ठेवा. ब्रेकखाली बाटली आली तर संपलं. बॅटरीचा क्लॅम्प घट्ट आहे का बघा. टो हुक (गाडी ओढून न्यायची कडी) त्याच्या भोकात फिरवून बघून ठेवा, बऱ्याच जणांना तो असतो हेच माहीत नसतं. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळव्याचे बूट.

नवे पॅड बसवले की आधी चाकणच्या रस्त्यावर आठवडाभर वापरून डिस्कशी जुळू द्या, कोरे पॅड घेऊन ट्रॅकवर जाऊ नका. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, म्हणून पहिल्या सेशननंतर मोजून हवा कमी करा आणि घरी निघताना परत भरा. हे परत भरणं विसरू नका, पुढे रात्रीचा हायवे असतो.

प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न लावता, सावकाश काढा. पिटमध्ये थांबलात की हँडब्रेक ओढायचा नाही. मागचे ड्रम तापून फुगलेले असतात, थंड होताना लायनर धरून बसतात. पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. तो दगड इकडूनच घेऊन जा, तिथे ऐन वेळी सापडत नाही.