स्वर्गात ड्रम आहेत का?

पेटीवाला (धागा सुरू)
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिनाभर कुरबुर चालू आहे. पोरांनी ड्रमसेट आणला. एक ज्येष्ठ बंधू उभे राहिले, "बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात, स्वर्गातल्या चोवीस वडिलांच्या (वडीलधाऱ्यांच्या) हातात वीणा आहेत. ड्रम कुठंय, दाखवा." सगळे गप्प.

मी वीस वर्षं पेटी वाजवतोय आणि ड्रम मला सोसत नाही. तरी हे पटलं नाही. पेटी तरी कुठंय तिथं? ते पुस्तक लिहिणाऱ्या योहानानं पाहिलं ती काय वाद्यांची यादी आहे? त्याच्याच आधीच्या अध्यायात ते वडील आपले मुकुट राजासनापुढं टाकतात. आमच्यात मुकुट काढायला कोण तयार आहे? वाद खरा तिथं आहे.

रंकाळाकाठ
यादी नाही, मान्य. पण रीत तर आहे ना? यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय 6 काढा. देवाच्या राजासनाजवळच्या सराफीमांना, म्हणजे स्वर्गीय जीवांना, सहा पंख. दोनांनी तोंड झाकतात, दोनांनी पाय, उडायला उरले दोनच. त्यांचं "पवित्र, पवित्र, पवित्र" ऐकून यशया टाळ्या वाजवत नाही. माझे ओठ अशुद्ध आहेत, मेलो, म्हणतो. आधी धाक, मग गाणं. तुमच्या पोरांचं पहिल्या ठोक्यापासूनच गाणं.

तांबडा_पांढरा
काका, त्याच अध्यायात उंबरठे हादरलेत की! आवाज किती असंल इचार करा. आमच्या स्पीकरनं अजून खिडकीची काच हलली नाही. आणि प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात आवाज वाढतच जातोय. पहिल्यांदा राजासनाभोवतीचे, रात्रंदिवस न थांबता गाणारे चार प्राणी नि वडील, मग हजारोंचे हजार देवदूत, मग आकाश, जमीन, समुद्र, जे जे हाय ते सगळं. गीत "नवं" हाय असं पण लिवलंय. स्तोत्र 150 मध्ये तर डफ, झांजा, नाच, सगळंच.

रंकाळाकाठ
स्तोत्र 150 पृथ्वीवरच्यांना आहे. विषय स्वर्गाचा चाललाय.

तांबडा_पांढरा
मग आपण कुठं बसलोय? शाहूपुरीतच न्हवं?

पेटीवाला
😀 "नवं" वरून एक. मिशनरी वायल्डरसाहेब 1852 ला कोल्हापुरात आले, तेव्हा मिशनऱ्यांबरोबर आलेल्या विलायती चाली इथल्या कानाला नव्याच असणार. रेव्हरंड टिळकांची भजनं त्यानंतरची. आज दोन्ही "आपली जुनी" झालीत.

नंदवाळचा_माळकरी
मी ख्रिस्ती नाही, आगाऊपणा वाटला तर माफ करा. ते प्राणी रात्रंदिवस थांबत नाहीत म्हणता, त्यांना कंटाळा येत नाही का, असं माझा पोरगा विचारत होता. त्याला म्हटलं, आपल्या सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहाटे तीनच्या पहाऱ्याला डोळे मिटतात, पण वीणा गळ्यात असली की माणूस चालतच राहतो. तुमच्या पुस्तकातली वीणा हीच का?

पेटीवाला
माउली, आगाऊपणा कसला. मूळ ग्रीकमध्ये किथारा, तारांचंच वाद्य, पण घडण वेगळी. मराठी बायबलात वीणा झाली. पहाऱ्याची गोष्ट रविवारी सांगू का मंडळीत?

नंदवाळचा_माळकरी
सांगा की.

शाळामास्तरीण_निवृत्त
एवढं बोललात, प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायाचं पहिलंच वचन कुणी काढलं नाही. सुमारे अर्धा तास स्वर्गात शांतता. लगेच पुढं देवदूत सोन्याचं धूपपात्र घेऊन येतो आणि पवित्र जनांच्या प्रार्थना धुराबरोबर देवापुढं वर जातात. विद्वान या शांततेचा अर्थ निरनिराळा लावतात. मी मात्र असं वाचते, की खालचं कुणीतरी बोलतंय म्हणून वर गाणं थांबलंय.

माझे मिस्टर आयसीयूत होते तेव्हा एक शब्द फुटत नव्हता. त्या रविवारी प्रार्थनेला डोळे मिटले आणि कीबोर्डवाल्यानं मागं सूर धरला. उठून बाहेर आले मी. ड्रमचं तुमचं तुम्ही बघा, पण दोन मिनिटं गप्प बसता येत नाही का कुणाला?

पेटीवाला
बाई, कीबोर्डवाल्याला काय बोलू. प्रार्थनेत मागं सूर धरायची सवय आमच्यात मीच लावली. मला वाटायचं, तेवढाच लोकांना आधार. या रविवारी भाता बंद.

तांबडा_पांढरा
मी पण काठ्या खाली ठेवतो. पण अर्धा तास नको हां, घरात मटण शिजत असतंय.

रंकाळाकाठ
पाच मिनिटं करा. ड्रमबद्दल माझं मत तेच आहे.