मदत हवी आहे: पितळी ट्रॉली फक्त डाव्या वळणावर बंद पडते

रूळकरी
मॉडेल ट्रॉलीचं (विजेवरच्या ट्रामगाडीचं) किट जोडून झालं. सरळ रुळावर मस्त पळते, उजवं वळणही घेते. डाव्या वळणात शिरली की ठप्प, वीज पुरवणाऱ्या पॉवरपॅकचा लाल दिवा लागतो. मागे ओढली की परत सुरू. रूळ दोनदा पुसलेत. रविवारी मांडायची आहे, लवकर सांगा.

खटका
पुसले कशाने? आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरा. शिवाय गाडीत कीप-अलाइव्ह कपॅसिटर (वीज क्षणभर तुटली तरी गाडी चालू ठेवणारा) टाका, निम्मे त्रास संपतात.

बोगीवाला
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! लाल दिवा म्हणजे शॉर्ट. मळ असता तर गाडी नुसती थांबली असती.
रूळकरी, स्केल? कोणती गाडी? त्रिज्या? वीज रुळांतून की तारेतून?

रूळकरी
एचओ (खऱ्याच्या १/८७), साधं डीसी, रुळांतून. १२ इंच त्रिज्या. रेड डेव्हिल.

जुनी_गाडी
वा! सिनसिनाटी अँड लेक एरी या अमेरिकी इंटरअर्बन कंपनीची गाडी, १९३०. अशा २० गाड्या होत्या. जाहिरातीसाठी विमानाशी शर्यत लावली, ताशी ९७ मैल गाठले आणि जिंकली. १९३९ मध्ये कंपनीच बंद झाली. थोडक्यात, अमेरिकेतली लोकल.

कुर्ला_हार्बर
लोकल कशी? आपली मुंबईची १९२५ पासून स्वतंत्र मार्गावर, १५०० व्होल्टवर धावली. इंटरअर्बन म्हणजे गावात भर रस्त्यातून ट्रामसारखी आणि गावाबाहेर रेल्वेसारखी, बऱ्याचदा एकच डबा.

जुनी_गाडी
शिकागोची साउथ शोअर ही इंटरअर्बनही १९२६ पासून १५०० व्होल्टवरच आहे.

रूळकरी
माझी गाडी अजून बंदच आहे.

तारकर
ट्रॉली रुळांतून चालवताच कशाला? दोन्ही रूळ एका ध्रुवाला, तार दुसऱ्याला, की हा शॉर्ट उरतच नाही. खरी तार २२ फुटांवर धरली तर एचओत रुळाच्या माथ्यापासून ७७ मिमी. वळणावर तार गोल वाकत नाही, खांबाखांबाला बाहेर ओढून सरळ तुकड्यांत न्यावी लागते.

खटका
एखादा चाकजोड उलटा बसला असेल. इन्सुलेटेड (आसाला वीज न देणारी) चाकं तपासा.

बोगीवाला
तसं असतं तर सरळ रुळावरही शॉर्ट झाला असता. पितळी बॉडी बहुतेक उजव्या रुळाच्या ध्रुवावर आहे आणि वळताना डावं चाक तिला टेकतंय. आधी मोटरची एक वायर सोडवा, नाहीतर मोटरमधूनच बीप येईल. मीटरचं एक टोक बॉडीला, दुसरं डाव्या चाकाला. बोगी (डब्याखालचा चाकांचा फिरता सांगाडा) दाबून हाताने वळवा. कुठे बीप येतो ते बघा.

रूळकरी
पुढचं डावं चाक! पायरीच्या मागे काळा डागही पडलाय. किटची चाकं डगमगत होती म्हणून ३३ इंची (खऱ्या गाडीच्या मापात) टाकली होती, ते सांगायचं राहिलं.

बोगीवाला
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. खऱ्या रेड डेव्हिलची चाकं २८ इंची, म्हणून तर ती एवढी बुटकी. एचओत २८ म्हणजे ८.२ मिमी, ३३ म्हणजे ९.६. त्रिज्येतला ०.७ मिमीचा फरक चाकावरच्या फटीतून गेला. २८ इंचीच घ्या, पण आसाची लांबी जुन्याशी जुळवून. डगमग तिथूनच आली असणार.

रूळकरी
रविवारपर्यंत मिळणार नाहीत. वॉशर टाकून बॉडी वर उचलली तर?

बोगीवाला
पाऊण मिमीचा वॉशर चालेल. पण मोठ्या चाकांनी आधीच ०.७ वर गेलीय. एकूण दीड मिमी, म्हणजे खऱ्या गाडीच्या मापात १२-१३ सेंमी. जाणकाराला लगेच खुपेल. त्यापेक्षा पायरीमागे कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी पातळ टेप) लावा. रंगावर भागवू नका, चाकाची कड दहा-बारा फेऱ्यांत तो खरवडून काढते.

तारकर
किंवा तार टाका.

रूळकरी
टेप लावली, डावं वळण घेते! पण आता उजव्या वळणावर खरखर ऐकू येतेय.

बोगीवाला
आता नाही, आधीपासूनच असणार. उजवं चाक आणि बॉडी एकाच ध्रुवावर, म्हणून तिथे घासलं तरी दिवा लागत नव्हता. त्या पायरीमागेही टेप लावा.