शब्दचर्चा : बुस्कार, बुस्का, बुस्के – स्पॅनिश आज्ञार्थात स्पेलिंग का बदलतं?

प्रश्न : स्पॅनिशमध्ये 'बुस्कार' म्हणजे शोधणे. 'तू शोध'ला 'बुस्का' म्हणतात, त्यात मूळचा सी तसाच राहतो. पण आदरार्थी 'शोधा' म्हणायचं तर 'बुस्के', आणि तिथे सी जाऊन क्यू आणि यू ही दोन अक्षरं येतात. 'येगार' (पोहोचणे) याच्या 'येगे'मध्ये जीनंतर यू घुसतो. ही क्रियापदं अनियमित समजून पाठच करायची का?

उत्तर : मुळीच नाही. तुम्ही हे शब्द देवनागरीत लिहिलेत, तेच पुन्हा वाचा. बुस्कार, बुस्का, बुस्के. क हलला का? येगार, येगा, येगे. ग जागेवरच आहे. म्हणजे कानाला ही क्रियापदं पूर्ण नियमित आहेत. त्यांना अनियमितांच्या तक्त्यात टाकणं मला अजिबात पटत नाही.

अडचण रोमन अक्षरांची आहे. स्पॅनिशमध्ये सी पुढे आ, ओ, ऊ आले तर त्याचा क होतो. ए किंवा ई आले तर स, स्पेनच्या बऱ्याच भागात थ. जी एरवी ग, पण ए-ईच्या आधी ख. आदरार्थी आज्ञेत -आर गटातल्या क्रियापदांचा आ जाऊन ए येतो. सी तसाच ठेवला तर क बिघडेल, म्हणून क्यू-यू. उच्चार टिकावा म्हणूनच स्पेलिंग बदलतं. -एर आणि -ईर गटांत उलट, तिथे आ येतो : 'रेकोखेर' (गोळा करणे) याचं 'रेकोखा' होताना जीच्या जागी जे येतो आणि ख टिकतो.

'तू'च्या होकारार्थी आज्ञेत हा स्वर बदलत नाही, म्हणून 'बुस्का' जसंच्या तसं. नकारात मात्र बदलतो : 'नो बुस्केस'. याचं आपल्याला नवल वाटायला नको. आपणही 'शोध'चा नकार 'शोध नकोस' असा करत नाही, 'शोधू नकोस' म्हणतो.

प्रश्न : मग 'एम्पेसार' (सुरू करणे)? 'एम्पिएसे'मध्ये तर उच्चारही बदललाय. आणि 'कोनोसेर'चं (ओळखणे) 'कोनोस्का'?

उत्तर : 'एम्पिएसे'त दोन बदल एकत्र झालेत, ते वेगळे करून बघा. ए-चा इए होणं हा खरा ध्वनिबदल. त्या स्वरावर आघात असेल तेव्हाच तो होतो, म्हणून 'एम्पेसेमोस' (आपण सुरू करू या) यात तो नाही. झेडचा सी होणं मात्र निव्वळ लेखनाचा नियम : ए-ईच्या आधी झेड सहसा लिहीत नाहीत.

'कोनोस्का'त नवा क आलाय, तो ऐकू येतो. त्यामुळे ते खरंच अनियमित. शेजारी 'वेन्सेर' (जिंकणे) ठेवा : 'वेन्सा', सीचा झेड झाला आणि उच्चारात स तोच. दिसायला दोन्ही -सेरवालीच, पण वेगवेगळ्या जातीची. शंका आली की रूप देवनागरीत लिहून बघा. व्यंजन बदललं तर ते लक्षात ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

एक राहिलंच. 'आवेरिग्वार' (छडा लावणे) याच्या 'आवेरिग्वे'त यूच्या डोक्यावर दोन टिंबं देतात. ती नसतील तर यू मुका होऊन 'आवेरिगे' वाचलं जाईल. 'पागार'च्या (पैसे देणे) 'पागे'त यू मुकाच हवा असतो, म्हणून तिथे टिंबं नाहीत.