बायकोच्या कोर्सच्या पोस्टरवर ईयूचा (युरोपियन युनियनचा) झेंडा... हा पैसा कुणाचा, आणि घेतला तर पुढे पीआरला (कायम राहण्याच्या परवान्याला) नडतो का?

साताऱ्याचा_ड्रेस्डेनकर
नमस्कार मंडळी. आम्ही ड्रेस्डेनला असतो, मी ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना), बायको फॅमिली व्हिसावर. पुण्यात ती अकाउंट्सला होती, बी.कॉम., टॅली, जीएसटी रिटर्न सगळं एकटी बघायची, इथे आल्यापासून घरीच आहे आणि जर्मन बी१ झालंय. आता इथल्या एका संस्थेत बाहेरून आलेल्या बायकांसाठी कोर्स आहे, ऑफिसचं काम, कामापुरतं जर्मन आणि शेवटी एखाद्या कंपनीत इंटर्नशिप, आणि फी शून्य. पोस्टरवर खाली निळा झेंडा. फुकट म्हटलं की आपल्या पोटात आधी गोळा येतो. तर हा पैसा येतो कुठून, उद्या पीआरच्या वेळी ‘तुम्ही सरकारी मदत घेतली’ असं कुणी म्हणेल का, आणि फॉर्ममधे शिक्षण किती, नोकरी सुटून किती दिवस झाले, जन्म कुठला, वर ‘राहायला घर आहे का’ हेही विचारलंय, ते कशाला? बायको म्हणते, आपण काय रस्त्यावर दिसतो का यांना.

मास्तरीणबाई_लाइपझिश
घराच्या प्रश्नाने आमच्याकडे पण दर बॅचला कुणीतरी चिडतंच, ताईंना सांगा मनावर घेऊ नका. मी अशाच एका संस्थेत काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो झेंडा बहुतेक युरोपियन सोशल फंड प्लसचा. फंड जुना आहे, 1957 च्या रोम करारापासूनचा, ‘प्लस’ झाला 2021 मधे, तेव्हा तरुण बेरोजगारांची योजना, गरिबांना धान्य-कपडे देणारा फंड वगैरे त्यात एकत्र केले. 2021 ते 2027 साठी ईयूकडून साधारण 99 अब्ज युरो आहेत, देशांनी आपापला वाटा घातला की 142 अब्जाच्या आसपास जातं. पण ब्रसेल्स, म्हणजे ईयूचं मुख्यालय, तुम्हाला काही देत नाही, हे लोकांना समजावताना माझा घसा बसतो. पैसा जातो देशाला किंवा राज्याला, ते प्रोजेक्ट मागवतात, संस्था अर्ज करते, मंजूर झाला की कोर्स निघतो आणि तुम्ही त्या कोर्सला बसता. त्यामुळे ‘मला ईयूची ग्रँट पाहिजे’ असा अर्ज शोधत बसू नका, तसा नसतोच, जवळचा प्रोजेक्ट शोधायचा.

भागाप्रमाणे वाटा बदलतो. माणशी उत्पन्न ईयूच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असेल तर तो मागास भाग, तिथे ईयू 85 टक्क्यांपर्यंत भार उचलतं, 75 ते 100 मधल्यांना साधारण 60, त्यावरच्यांना 40, थोडे अपवाद सोडून. आमच्या झाक्सन राज्यातच बघा, तुमचं ड्रेस्डेन आणि केम्निट्झ मधल्या गटात, आणि आम्ही लाइपझिशवाले पुढारलेले म्हणे! (आमच्या ऑफिसचं छत गळतं ते वेगळं.)

फॉर्मचं म्हणाल तर ते प्रश्न संस्थेने काढलेले नाहीत, कायद्यात ठरलेले इंडिकेटर, म्हणजे मोजायचे आकडे आहेत, किती बेरोजगार आले, किती बाहेरच्या देशाचे, किती बेघर. ब्रसेल्सला फक्त बेरीज जाते, नाव जात नाही, आणि नाजूक प्रश्नांना ‘उत्तर द्यायचं नाही’ असा पर्याय असतो, नसेल तर विचारा. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांत काय झालं ते नोंदवायचं असतं आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात, नोकरी लागली का, टिकली का. तेव्हा फोन उचला हो, आमची माणसं लोकांच्या मागे लागून लागून रडकुंडीला येतात.

पीआरचं: पोटापाण्यासाठी भत्ता घेणं वेगळं आणि कोर्सला बसणं वेगळं. तिथे बघतात ते तुमचा घरखर्च तुमच्या कमाईवर चालतो का. कोर्सच्या खुर्चीचे पैसे त्यात येत नाहीत. तरी शंका असेल तर कारितास, डियाकोनी वगैरे चर्चच्या सेवासंस्थांची मिग्रात्सिओन्सबेराटुंग (बाहेरून आलेल्यांसाठी सल्ला) असते, फुकट असते, एकदा विचारून घ्या.

तोरिनोतला_कोकणी
मास्तरीणबाई चांगलं लिहिलंत पण दुसरी बाजू पण सांगा की. इटलीत मी असे दोन कोर्स जवळून पाहिलेत, एकात अर्धा वेळ बायोडेटा कसा लिहायचा तेच चाललं होतं आणि शेवटी नोकरी लागली ती फक्त शिकवणाऱ्यांना. ही काही माझी एकट्याची कुरकुर नाही. यूथ गॅरंटी म्हणून 2013 मधे वचन दिलं होतं, की 25 वर्षांखालच्या कुणाचंही शिक्षण किंवा काम सुटलं तर चार महिन्यांत काहीतरी चांगली ऑफर, आणि 2017 मधे ईयूच्याच ऑडिट कोर्टाने सात देश तपासून सांगितलं की एकाही देशाला ते सगळ्यांसाठी जमलेलं नाही, त्यात इटली पण होती. त्या मुलांसाठी वेगळे अब्जावधी युरो काढले होते तरी. पुढे 2020 मधे वयाची मर्यादा वाढवून 30 केली. आधीच्यांना पुरत नव्हतं तर पंगत अजून मोठी केली!

मास्तरीणबाई_लाइपझिश
दादा, बायोडेटावाले कोर्स आहेत, नाही कशाला म्हणू. पण आतून बघितलं तर गोची वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी आधी खर्च करा, हिशोब दाखवा, मग पैसे मिळतात, अॅडव्हान्स मिळाला तरी तुटपुंजा. दोन-तीन महिन्यांचे पगार पदरचे घालायची ताकद ज्याच्याकडे आहे तोच टिकतो, म्हणजे मोठी संस्था. गल्लीतल्या बायका ज्या संस्थेवर विश्वास ठेवतात ती बिचारी अर्जच करत नाही. आणि हजेरीच्या कागदावर रोज सही पाहिजे. बाईचं पोर आजारी पडलं, ती अकराला आली, तर ते तास कसे धरायचे यावर आमच्याकडे मीटिंगा होतात. आता ठरावीक दराने हिशोब धरायची सोय आहे, म्हणजे प्रत्येक पेन-पेन्सिलचं बिल नको, त्यामुळे बरंच हलकं झालंय.

स्वान्झीवाली_माई
तुम्ही तक्रार करताय पण गेल्यावर कळतं. मी वेल्समधे, इथलं वेस्ट वेल्स अँड द व्हॅलीज म्हणजे ईयूच्या मागास यादीतलं, त्यामुळे अॅप्रेंटिसशिपपासून कॉलेजच्या इमारतीपर्यंत सगळीकडे तो झेंडा. ब्रेक्झिट झाल्यावर जुने प्रोजेक्ट 2023 च्या अखेरपर्यंत कसेबसे चालले. त्याच्या बदल्यात लंडनने शेअर्ड प्रॉस्परिटी फंड काढला, 2022 ते मार्च 2025 साठी 2.6 अब्ज पौंड, अख्ख्या यूकेला, मग अजून एक वर्ष 90 कोटी पौंड. कागद खूप कमी झाले हे खरं, स्थानिक काउन्सिलच ठरवते. पण सात वर्षांचा हिशोब जाऊन वर्षा-वर्षाचा आला, आणि लोकांना कामाला लावणारी माझी एक मैत्रीण दर फेब्रुवारीत स्वतःच नोकरी शोधते.

तुमच्याकडे पण 2028 पासून बदलायचं चाललंय ना? जुलै 2025 मधे युरोपियन कमिशनने प्रस्ताव मांडला, की प्रत्येक देशाचा एकच मोठा प्लॅन, त्यातच शेती, प्रादेशिक पैसा आणि हे सगळं, सामाजिक कामासाठी 14 टक्के राखून. वाचूनच मला धडकी भरली, एका ताटात सगळं वाढलं की लोणचंच आधी संपतं.

साताऱ्याचा_ड्रेस्डेनकर
सगळ्यांचे आभार, पीआरचं ऐकून जीव भांड्यात पडला. पण एक अजून, बायको बी.कॉम. आहे, मग ते ‘तुम्ही जास्त शिकलेल्या’ म्हणून नाकारतील का? आणि ऑफिसातला एक जण म्हणतो बिल्डुंग्सगुटशाइन (कोर्सच्या फीचं व्हाउचर) घे, ते हेच का?

मास्तरीणबाई_लाइपझिश
ते वेगळं. बिल्डुंग्सगुटशाइन जर्मनीचं स्वतःचं, आर्बाइट्सआगेन्टुअर म्हणजे सरकारी रोजगार कार्यालय देतं, ईयूशी संबंध नाही, आणि द्यायचं की नाही हे समोरच्या अधिकाऱ्यावर असतं. ताईंनी आगेन्टुअरला नाव नोंदवायला हरकत नाही, त्यांच्या परमिटवर कामाची परवानगी असणारच.

नाकारतील का हे प्रोजेक्टवर आहे. काही, उदाहरणार्थ माय टर्न नावाचा केंद्राचा कार्यक्रम, मुद्दाम कमी शिकलेल्या बायकांसाठी आहे. तेव्हा पहिल्या भेटीतच ‘तुमचा टार्गेट ग्रुप कोण’ हे स्पष्ट विचारा, आणि डिग्री लपवू नका, नंतर ऑडिटला निघालं तर संस्थेला त्या जागेचे पैसे परत करावे लागतात. डिग्रीचं काय करायचं ते आय-क्यू नेटवर्कच्या सल्ला केंद्रात विचारा (पूर्ण नाव इंटेग्रात्सिओन दुर्श क्वालिफित्सिएरुंग, बाहेरच्या डिग्रीवाल्यांना सल्ला देतात), तेही याच फंडातून चालतं. अकाउंट्सला इथे लायसन्स लागत नाही, त्यामुळे डिग्रीचं मूल्यांकन करून घेतलं की अर्जाला जोडता येतं. आणि कोर्सपेक्षा मला त्या इंटर्नशिपचं जास्त वाटतं. कुठल्या कंपनीत पाठवणार, तिथे डाटेव्ह वापरतात का, हे आधीच विचारा. इथलं अकाउंट्सचं निम्मं जग त्या सॉफ्टवेअरवर चालतं, टॅलीवालीला ते शिकायला फार दिवस लागायचे नाहीत.

तोरिनोतला_कोकणी
डाटेव्हचं लाख बोललात. कोर्सच्या वेळापत्रकात ते नसेल तर बायोडेटावाला कोर्स समजा.